‘परका’, ‘उपरा’ की ‘तिऱ्हाईत’?

फ्रेंच लेखक आल्बेर कामू यांच्या १९४२ सालच्या ‘लेत्रांजे’ या छोट्या कादंबरीच्या शीर्षकासाठी ‘परका’, ‘उपरा’ आणि ‘तिऱ्हाईत’ यांपैकी कोणता शब्द योग्य, असा प्रश्न आहे. मूळ फ्रेंच शब्दात परदेशी, अनोळखी आणि आपल्यातला नसलेला हे अर्थ एकत्र नांदतात, आणि १९४६ साली इंग्रजीत एकच अनुवाद ब्रिटनमध्ये ‘द आउटसायडर’ व अमेरिकेत ‘द स्ट्रेंजर’ या नावाने निघाला.

‘उपरा’ मी बाजूला ठेवीन. लक्ष्मण माने यांच्या १९८० सालच्या आत्मकथनानंतर त्या शब्दात समाजाने थारा न दिलेल्या माणसाची वेदना साठली आहे, आणि ती तशीच राहावी. कादंबरीचा नायक मर्सो तसा नाही: तेव्हा फ्रेंच वसाहत असलेल्या अल्जेरियातल्या अल्जिअर्स शहरात त्याला नोकरी आहे, शेजारी आहेत, मैत्रीण मारी आहे.

‘तिऱ्हाईत’ मात्र सोडवत नाही. तिऱ्हाईत म्हणजे तंट्यातल्या दोन्ही पक्षांचा नसलेला तिसरा माणूस. खुनाचा आरोपी म्हणून कोर्टात बसलेल्या मर्सोला मात्र आपला खटला आपल्याला वगळूनच चालला आहे असे वाटते. वकील त्याच्या वतीने चक्क ‘मी’ म्हणून बोलतो, आणि झाडलेल्या पाच गोळ्यांइतकीच चर्चा आईच्या शवापाशी बसून त्याने घेतलेल्या दुधाच्या कॉफीची होते. स्वतःच्याच खटल्यात तिऱ्हाईत ठरलेला माणूस, हे मराठीत किती नेमके सांगता येते!

तरीही शीर्षकाला ‘परका’च हवा. तिऱ्हाइताला तंट्याशी देणेघेणे नसते. परका मात्र नेहमी कोणाला तरी परका असतो, आणि कादंबरीमागचे तत्त्वचिंतनही अशाच नात्यावर उभे आहे. ग्रीक पुराणकथेतल्या सिसिफसवरील १९४२ सालच्याच निबंधात कामू असंगती (इंग्रजीत ‘अॅब्सर्ड’) एकट्या माणसात किंवा एकट्या जगात शोधत नाहीत, तर अर्थ मागणारा माणूस आणि उत्तर न देणारे जग यांच्यातल्या फारकतीत शोधतात. म्हणून तिला नुसते ‘निरर्थकता’ म्हटले की अर्धा विचार हातचा सुटतो.

शिवाय मर्सोने मारलेल्या अरबाला कादंबरीभर नाव नाही. अल्जेरियाचे कामेल दाऊद यांनी २०१३ सालच्या कादंबरीत, त्या मृताच्या भावाच्या तोंडून, त्याला मूसा हे नाव दिले. आपल्याच भूमीत परका केला गेलेला तो माणूस, आणि त्या भूमीत वसलेला मर्सो, यांत कोण कोणाला परका, हा प्रश्न ‘परका’ या शीर्षकातूनच पुळणीवर मरून पडलेल्या त्या माणसापर्यंत पोहोचतो. ‘तिऱ्हाईत’ कोर्टाच्या दारातच थांबतो.