फक्कीच्या रेघेपलीकडचे आईबाप

२०२५च्या जूनमध्ये अंधेरीत रग्बी प्रीमियर लीग झाली, ती टीव्हीवर दिसली आणि माझ्या टपालाचा नूरच पालटला. एरवी कबड्डी, खो-खो आणि 'मुलगा दूध पीत नाही' यांनी भरलेल्या गठ्ठ्यात या खेपेला चार पत्रं रग्बीची निघाली. तेव्हा या वेळी सगळी जागा त्यांनाच.

ताई, मी सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी चौदा वर्षांखालच्या मुलांचा रग्बी संघ चालवतो. २२ मुलं आहेत, बरीचशी कबड्डीतून आलेली. मुलांचा त्रास नाही, पालकांनी जीव नकोसा केलाय. सामन्यात रेघेवर उभं राहून ओरडतात आणि हरलो की रात्री अकरा वाजता ग्रुपवर 'आमच्या बाळ्याला का काढलं?' म्हणून विचारतात. नियम छापून सह्या घ्याव्यात म्हणतोय. घेऊ का?
— एक तरुण प्रशिक्षक

घे की. पण मी माझ्या संघासाठी केलेल्या नियमांच्या पहिल्या कागदाचं काय झालं ते आधी ऐक. दीड पान होतं. 'शिस्त' हा शब्द त्यात नऊ वेळा. पालकांनी न वाचता सह्या केल्या, आणि तो कागद पहिल्यांदा मोडला तो मीच.

२०१६ सालची गोष्ट. माझ्याकडे एक पोरगा होता, असा पळायचा की वाऱ्याने वाट द्यावी. मामाच्या लग्नाला म्हणून गेला तो दोन आठवडे सरावाला नाही. सामन्याच्या सकाळी हजर. कागदात लिहिलेलं होतं, आठवड्यातल्या तीनपैकी दोन सरावांना आला तोच खेळेल. मी त्याला खेळवलं. त्याच्या जागेचा मुलगा, जो पावसात सायकल मारत रोज यायचा, तो अख्खा सामना पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसला. आम्ही जिंकलो. पुढच्या मंगळवारी सरावाला २३ पैकी ११ मुलं आली. तो सायकलवाला पुन्हा कधीच आला नाही. परवा एका गॅरेजमध्ये भेटला, माझी स्कूटर दुरुस्त करून दिली आणि पैसे घेतले नाहीत. मला तिथे उभं राहवेना.

म्हणून आता कुठलाही नियम लिहिण्याआधी मी संघातलं सगळ्यात भारी पोर डोळ्यांपुढे आणते. उद्या अंतिम सामना आहे आणि हे चुकलं, तर मी याला बसवीन का? मनातून 'बघू' आलं की तो नियम कागदावर जात नाही. अशाने माझा कागद दीड पानावरून दहा ओळींवर आलाय.

त्यातली सगळ्यात कामाची ओळ खेळायला मिळण्याची. इंग्लंडमध्ये मुलांच्या रग्बीत प्रत्येकाला किमान अर्धा सामना खेळवावाच लागतो. मी चौदाखालच्यांसाठी ते उचललं. सेव्हन्सला, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीला, गणित सोपं आहे. सात खेळणारे, पाच राखीव, सात-सात मिनिटांचे दोन भाग. मध्यंतराला पाच बाहेर, पाच आत. उरलेले दोघे पूर्ण सामना खेळतात, आणि ते दोघे दर सामन्याला वेगळे. तुझी २२ मुलं आहेत, म्हणजे जवळपास दोन संघ झाले. दोन्ही घेऊन जा, सगळी हुशार पोरं एकात कोंबू नकोस. असं केल्याने दोन-तीन सामने हातचे जातात. ते जातील हे जूनमध्येच सगळ्यांसमोर सांगून टाक. सप्टेंबरमध्ये सांगितलंस तर ती सबब वाटते.

आता ओरडणारे. त्यांना खेळ कळत नाही, एवढंच असतं बऱ्याचदा. फुटबॉल बघून आलेला बाप जीव तोडून ओरडतो, 'पुढे दे, पुढे दे!' आणि रग्बीत हाताने पास फक्त मागे किंवा सरळ बाजूलाच देता येतो. पोरगं गोंधळून बापाकडे बघतं आणि तेवढ्यात आडवं होतं. मी हंगामाच्या पहिल्या रविवारी पालकांना सतरंजीवर बसवून कागद वाचून दाखवते, मग उठवते आणि त्यांच्याच हातात चेंडू देते. पंधरा मिनिटं, नुसतं स्पर्श करून बाद करायचं, पास मागेच. साड्या खोचून आया खेळतात. गेल्या वर्षी एका आजोबांचे पास सगळ्यांत सरळ गेले (ते आयुष्यभर ट्रकमध्ये गोण्या भरायचे). जो स्वतः तीनदा पुढे पास देऊन चुकलाय, तो नंतर जपून ओरडतो.

तरी एक-दोन उरतातच. माझ्याकडे एक वडील 'पाड! आडवा कर त्याला!' असं करत रेघेबरोबर पळायचे. त्यांना वही-पेन दिलं आणि म्हटलं, आपल्या संघाचे पास मोजा, कोणी कोणाला दिला ते लिहा. दोन सामन्यांनंतर वही घेऊन स्वतःच आले. म्हणाले, "मॅडम, आमचा कोणालाच देत नाही हो."

मैदान आखताना बाजूच्या रेघेपासून चार पावलांवर फक्कीची आणखी एक रेघ मार. पालक त्या रेघेमागे. आणि पंचांशी फक्त कर्णधार बोलतो, तेही 'सर' म्हणून. ही रग्बीची जुनी रीत आहे, आपली नाही, पण घेण्यासारखी आहे. पोरांना उलट बोलल्याची किंमत लगेच कळते. सेव्हन्समध्ये पिवळं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर, आणि सात मिनिटांत दोन मिनिटं सहा जणांनी रेटणं म्हणजे काय ते तू जाणतोसच.

ग्रुपवर फक्त तूच लिहू शकशील असं करून टाक. सामन्याच्या दिवशी निवडीवर बोलणं नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन, आणि तोही स्वतःच्या मुलापुरता. 'अमक्याचा का घेतला?' याला उत्तर द्यायचं नाही. एसटीचं भाडं, जर्सीचे पैसे यांचा हिशेब तू ठेवू नकोस, एखाद्या आईकडे दे. निवडीवरून झालेली निम्मी भांडणं मुळात पैशांची असतात.

एक खेळातलं. कबड्डीची पोरं पकड सोडत नाहीत. चढाईवाला शिट्टी होईपर्यंत दाबून ठेवायचा हे त्यांच्या हाडात असतं. रग्बीत पाडलं की लगेच सोडायचं आणि बाजूला व्हायचं, नाहीतर पेनल्टी. घोटा पकडायला पुढून डोकं घालायची सवय तर पहिल्या आठवड्यातच मोड. डोकं पळणाऱ्याच्या मागच्या अंगाला, गाल त्याच्या कुल्ल्याला चिकटलेला. गुडघ्यांवर बसवून, सावकाश, शंभर वेळा. ते पक्कं झाल्याशिवाय सामन्यात उतरवणार नाही, हेही कागदात लिही. आणि मग बाप कितीही मोठा असला तरी उतरवू नकोस.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. शाळेत रग्बी खेळते, सराव मुलांबरोबर होतो. सासरची माणसं म्हणतात, दात-बीत पडला तर उद्या लग्नाचं काय? मला तिला थांबवायचं नाही, पण सरांना काय विचारू ते कळत नाही.
— एक आई, सातारा

माझा पुढचा दात १९९४ साली कबड्डीत पडला. लग्न झालं. दात बसवून घ्यावा लागला एवढंच. नातेवाइकांना हे सांगून बघा, उपयोग होईल असं नाही.

सरांना मात्र तीन गोष्टी नक्की विचारा. मुलं-मुली एकत्र असताना टॅकल (धरून पाडणं) होतं की नुसतं स्पर्शाचं रग्बी? माझ्याकडे बारा वर्षांपुढे टॅकलचा सराव वेगळा असतो, पास आणि पळणं एकत्र. या वयात एकाच वर्गातल्या दोन पोरांच्या वजनात वीस किलोंचा फरक असू शकतो, मुलांमुलांतही. दुसरं, सरावाला आणि बाहेरगावी जाताना कोणी मोठी बाई सोबत असते का? नसेल तर तुम्ही चार आया पाळी लावा. पोटात दुखतंय हे पोर सरांना सांगत नाही, मग रडत खेळते. तिसरं, कपडे बदलायला दार लागणारी खोली आहे का? सर या प्रश्नांवर वैतागले तर तेवढ्यावरूनही तुम्हाला बरंच कळेल.

वेणी घट्ट बांधून जर्सीच्या आत, नखं कापलेली, कानांत-नाकात-हातांत काही नाही. एवढं तुमच्याकडून.

आणि तिला सांगा, भारताच्या मुली पंधरा जणींच्या रग्बीत पहिला आंतरराष्ट्रीय सामना २०१८ साली खेळल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांनी सिंगापूरला २१-१९ हरवलं. त्या संघाचं कर्णधारपद भूषवलेली वाहबिझ भरूचा पुण्याची आहे. साताऱ्याहून पुणं काही लांब नाही.

सामन्यात माझ्या मुलाचं (१५) डोकं दुसऱ्याच्या गुडघ्यावर आपटलं. मिनिटभर त्याला स्कोअर आठवत नव्हता, मग ठीक झाला. सीटी स्कॅन नॉर्मल आहे. नऊ दिवसांनी उपान्त्य सामना आहे आणि प्रशिक्षक खेळवणार नाही म्हणतात. त्यांना समजावणारं काही लिहाल का?
— एक वडील, पुणे

नाही. तुम्हाला समजावणारं लिहिते.

स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा हाड मोडलेलं दिसतं. मेंदूला बसलेला धक्का, ज्याला कन्कशन म्हणतात, तो त्यात दिसत नाही. स्कोअर न आठवणं हीच त्याची खूण आहे. २०११ साली उत्तर आयर्लंडमध्ये चौदा वर्षांचा एक शाळकरी मुलगा डोक्याला मार बसल्यावरही सामन्यात खेळत राहिला, पुन्हा मार लागला आणि तो गेला. पहिला धक्का भरून निघायच्या आत दुसरा बसला तर मेंदू झपाट्याने सुजू शकतो, आणि पोरांना हा धोका जास्त. त्यानंतर तिथे नियम कडक होत गेले. ब्रिटनच्या २०२३च्या सूचनांप्रमाणे स्पर्धेत परतायला किमान २१ दिवस जावे लागतात, आणि त्यातही परतण्याआधीचे सलग १४ दिवस डोकेदुखी, चक्कर, काहीही नको. तुमच्या मुलाचे नऊच होतात.

पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमी, मग चालणं, शाळा, मग पळणं. टॅकल सगळ्यात शेवटी, डॉक्टरांना विचारून. मधेच उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झापड किंवा फिट आली तर थेट रुग्णालयात.

प्रशिक्षकांना उपान्त्य सामना जिंकायचा नाही असं वाटतं का तुम्हाला? तरी ते नाही म्हणताहेत. त्यांना एकदा चहाला बोलवा.

रग्बीचे बूट किती महाग घ्यावेत? आणि डोक्याला ती मऊ टोपी घेऊ का?
— एक पालक, कोल्हापूर

फुटबॉलचे स्टड चालतात, मोठ्या भावाचे असले तरी. कडा झिजून धारदार झालेल्या नाहीत ना, एवढं बोट फिरवून बघा. ती टोपी कान खरचटणं, खोक पडणं वाचवते. मेंदूचा धक्का ती थांबवत नाही, उलट ती घातली की पोरं डोकं जास्त घालतात असा माझा अनुभव.

पैसे आधी माउथगार्डवर, म्हणजे दातांवर बसवायच्या कवचावर. गरम पाण्यात मऊ करून चावायचं साधं घ्या, पाकिटावर लिहिलेत तेवढेच सेकंद पाण्यात ठेवा. चावून, ओठ मिटून आत ओढा, मग गार पाण्यात. झाल्यावर मुलाला 'आ' करायला सांगा. खाली पडलं तर पुन्हा करा. नाही पडलं तर ते तोंडात ठेवून त्याला दोन खोल्यांपलीकडून तुम्हाला हाक मारू दे. तुम्हाला ऐकू आली तर मैदानात जोडीदाराला येईल.