वाचकांचे प्रश्न : डेटाफ्रेममध्ये हिशेबाचा नवा रकाना

प्रश्न : एक्सेलमधली विक्रीची यादी पायथनच्या पांडाजमध्ये (तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीत) उघडली आहे. 'नग' गुणिले 'दर' करून 'एकूण' रकाना भरायला ओळीओळीने फॉर लूप फिरवतो. पाच लाख ओळींना फार वेळ लागतो. शिवाय काही ओळींत ३ नगांची रक्कम १२०१२०१२० अशी येते. असे का?

उत्तर : लूप काढून टाका. डीएफ['एकूण'] = डीएफ['नग'] * डीएफ['दर'] एवढी एक ओळ पुरते (डीएफ म्हणजे तुमचा डेटाफ्रेम, पांडाजमधला तक्ता); गुणाकार अख्ख्या रकान्यावर एकदम होतो. प्रत्येक ओळीवर तेच काम चालवणाऱ्या अ‍ॅप्लायला अ‍ॅक्सिस=१ देऊन वेळ वाचेल असे अनेकांना वाटते, पण तोही आतून ओळीओळीनेच चालतो. डावीकडे चौकटी कंसच हवेत. डीएफ.एकूण असे टिंब देऊन लिहिले तर नवा रकाना तयारच होत नाही.

१२०१२०१२० येते कारण त्या ओळींत दर मजकूर म्हणून साठवलेला आहे, आणि पायथनमध्ये मजकूर गुणिले ३ म्हणजे तोच मजकूर तीनदा. डीएफ.डीटाइप्स, म्हणजे प्रत्येक रकान्याचा प्रकार, पाहा; 'दर'पुढे आकड्याऐवजी ऑब्जेक्ट दिसेल. मजकुराचे आकडे करणारे पीडी.टू_न्यूमेरिक (पीडी म्हणजे पांडाज) वापरा आणि एरर्सला 'कोअर्स' द्या, म्हणजे जे आकड्यात बदलत नाही ते रिकामे, एनएएन, होईल. '१,२००' मधला स्वल्पविरामही बदलाच्या आड येतो, म्हणून तो आधी एसटीआर.रिप्लेसने काढा. मात्र त्याच्याही आधी अ‍ॅसटाइप(एसटीआर) करून सगळा रकाना मजकुरात बदलायला विसरू नका. आकडे आणि मजकूर मिसळलेल्या रकान्यावर थेट एसटीआर.रिप्लेस चालवले, तर जे आकडे मुळात बरोबर होते तेच एनएएन होतात, आणि एररही येत नाही. बदलाच्या आधी आणि नंतर इझएनए().सम(), म्हणजे रिकाम्या जागांची संख्या, मोजा. संख्या वाढली असेल तर त्या ओळी डोळ्यांनी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रश्न : अट पाहून दोनपैकी एक किंमत देणाऱ्या एनपी.व्हेअरने (एनपी म्हणजे नमपाय लायब्ररी) ४० किंवा जास्त गुणांना 'उत्तीर्ण', बाकीच्यांना 'अनुत्तीर्ण' असा शेरा दिला. गैरहजर मुलेही अनुत्तीर्ण झाली!

उत्तर : गैरहजर मुलांचे गुण एनएएन आहेत. एनएएनची कुठल्याही आकड्याशी लहान-मोठी तुलना केली की उत्तर फॉल्स, म्हणजे खोटे, येते, म्हणून ती मुले 'बाकीच्यांत' गेली. ही चूक गंभीर आहे, कारण निकाल वरवर नीटनेटका दिसतो.

येथे अनेक अटी घेणारे एनपी.सिलेक्ट घ्या. अटींच्या यादीत पहिली डीएफ['गुण'].इझएनए(), दुसरी डीएफ['गुण'] >= ४०; शेऱ्यांच्या यादीत त्याच क्रमाने 'गैरहजर', 'उत्तीर्ण'; आणि डीफॉल्ट, म्हणजे कुठलीच अट लागू नसेल तेव्हाचा शेरा, 'अनुत्तीर्ण'. डीफॉल्ट दिला नाही तर तो शून्य धरला जातो आणि मजकुराशी त्याचे जुळत नाही. एका ओळीला दोन अटी लागू पडल्या तर यादीतली आधीची अट जिंकते, त्यामुळे श्रेणी लावताना सर्वांत वरची आधी लिहा. दोन अटी जोडताना 'अँड' हा शब्द चालत नाही; & हे चिन्ह घाला आणि प्रत्येक अट स्वतंत्र कंसात ठेवा. कंस नसतील तर & आधी सोडवला जातो आणि अटीचा अर्थच बदलतो.