मानशीवरची लढाई

प्रिय बाय,

टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन फाशांनी खेळायच्या खेळासाठी तू लिहिलेल्या नियमांची वही दोनदा वाचली. ३८ शस्त्रांचा तक्ता, प्रत्येकाचा फासा वेगळा, चिलखतांचे प्रकार, वार कुठल्या बाजूने आला त्यावर बोनस. मेहनत पानापानावर दिसते. पण लढाई संपते कशी याबद्दल अख्ख्या वहीत एकच ओळ आहे: ‘सगळ्या शत्रूंचे हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) शून्यावर आले की.’ त्या एका ओळीसाठी हे पत्र.

काही पावसाळ्यांपूर्वी म्हापशाला माझ्याच घरी पाच जण खेळायला बसले होते, खेळ मी चालवत होते. आठ गॉब्लिन (छोटे राक्षस), अरुंद गुहा. दुसऱ्या राउंडला त्यांचा म्होरक्या पडला आणि लढाईचा निकाल सगळ्यांना कळला. तरी उरलेल्यांना एकेक करून संपवण्यात आणखी दीड तास गेला. वैद्य खेळणाऱ्या मुलाची पाळी वीस-वीस मिनिटांनी यायची. तो फासा टाकायचा, सात पडायचे, ‘चुकला’ म्हणायचा आणि बाल्कनीत जाऊन पाऊस बघत उभा राहायचा. पुढच्या वेळी तो आलाच नाही. नियमाप्रमाणे मी काहीही चुकवलं नव्हतं, आणि तरी तो मुलगा खेळातून गेला. त्याची हळहळ मला अजून आहे. तू नवे नियम लिहायला घेतलेस तेव्हा मला म्हणूनच इतका आनंद झाला.

आता थोडं मागे जाऊ, कारण हवं ते तिथे सापडतं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, हा सगळा खेळप्रकार ज्यातून सुरू झाला ते, १९७४ साली आलं छोट्या पुतळ्यांच्या युद्धखेळांतून. त्या खेळांत फौज शेवटच्या माणसापर्यंत लढत नसे. धीर सुटला की पळायची, आणि त्यासाठी नियम असायचा. १९८१ च्या त्याच्या ‘बेसिक’ नियमांतही तो होता. प्रत्येक राक्षसाला मनोबलाचा आकडा, २ ते १२. त्यांच्या बाजूचा पहिला गडी मेला की एकदा आणि अर्धे आडवे झाले की पुन्हा, दोन सहाबाजूंचे फासे टाकायचे. आकड्यापेक्षा जास्त पडले की ते पळाले किंवा शरण आले. गॉब्लिनचा आकडा ७. म्हणजे प्रत्येक कसोटीत ३६ पैकी १५ वेळा ते मोडतात, आणि दोन्ही कसोट्यांत टिकून राहायची शक्यता जेमतेम एक तृतीयांश. सांगाड्यांचा आकडा १२, ते कधीच पळत नाहीत. खेळणाऱ्यांना हे कळलं की सांगाड्यांची भीती आपोआप वेगळी वाटायला लागते, वर्णन करावं लागत नाही. असाच नियम २०१४ च्या आवृत्तीत संचालकाच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) पुस्तकात ऐच्छिक म्हणून राहिला, आणि माझ्या ओळखीत तो कुणी वापरताना मी पाहिला नाही.

नव्या नियमांकडून माझी पहिली आशा हीच. मनोबल परत आण, आणि पुस्तकाच्या शेवटी कोपऱ्यात न ठेवता लढाईच्या पहिल्या पानावर आण. एक्सपी (अनुभवाचे गुण) लढाई जिंकल्याबद्दल दे, मेलेली डोकी मोजून देऊ नकोस, नाहीतर मुलं पळणाऱ्यांच्या मागे धावत बसतील. पळालेला गॉब्लिन पुढच्या आठवड्यात भावंडं घेऊन परत येईल तेव्हा तुला नवी गोष्ट फुकट मिळेल.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२४ च्या सुधारित नियमांतली एक गोष्ट मला मनापासून आवडली. कसलेल्या लढवय्याच्या हातात प्रत्येक शस्त्राला स्वतःचा गुण मिळतो: एखादं शत्रूला आडवं पाडतं, एखादं दहा फूट मागे ढकलतं, मोठ्या तलवारीचा वार हुकला तरी थोडी इजा होतेच. त्या वैद्य मुलासारखी रिकामी पाळी त्याने कमी होते. ‘पाथफाइंडर’ या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या आवृत्तीत पाळीला तीन कृती असतात, दुसऱ्या वाराला फाशातून साधारण पाच वजा, तिसऱ्याला दहा. त्यामुळे तिसऱ्यांदा तलवार फिरवण्यापेक्षा ढाल उचलावी, बाजूला सरावं, समोरच्याला दरडावावं असं माणसाला आपणहून सुचतं. यातलं जे पटेल ते घे. पण तुझ्या वहीत ‘ढकलणे’ वाचताना मला सारखा एकच प्रश्न पडत होता: ढकलायचं कुठे? मागे सपाट फरशी असेल तर दहा फुटांना काय अर्थ?

तुझ्या मामाच्या खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली, मानस आठव, पाणी आत-बाहेर सोडणारं ते फाटक. भरती आली की पाण्याच्या दाबानेच तिची लाकडी दारं मिटतात, ओहोटीला उघडतात आणि शेतातलं पाणी बाहेर जातं. आता समज, रात्री लुटारूंनी दारांमध्ये ओंडका अडकवलाय. भरती चढतेय. दारं मिटली नाहीत तर खारं पाणी भातात शिरणार. सहा लुटारू बांधावर उभे आहेत आणि बांध इतका अरुंद की दोघांना शेजारी उभं राहता येत नाही.

इथे सहा जणांना मारणं हे कामच नाही. काम आहे ओंडका काढणं. प्रत्येक राउंडच्या शेवटी पाणी एक पायरी चढतं, पाचव्या पायरीला शेत गेलं. आता दहा फूट ढकलणं म्हणजे माणूस थेट पाण्यात. वैद्याला विचार करावा लागेल की जखमी सोबत्याकडे जाऊ की ओंडक्याला हात लावू. ज्याची पाळी नाही तोही पाण्याकडे बघत असेल. आणि लुटारूंना शेतासाठी मरायचं नाहीये, त्यांना फक्त वेळ काढायचाय. दोन पडले की उरलेले चिखलातून पळतील. ही लढाई चार-पाच राउंडांत संपते, कशीही संपली तरी.

पेडण्याच्या जत्रेतला दहीकाला, ते दशावतारी नाटक, तू लहानपणापासून बघत आलीस. दोन राजे तलवारी घेऊन गरागरा फिरतात, मृदंग चढत जातो. संवाद कुणी लिहून दिलेले नसतात, पण लढाई कशावरून पेटलीय हे दोघांनाही ठाऊक असतं, आणि राज्य किंवा राणी कुणाची ते ठरलं की मृदंग थांबतो. वार किती झाले ते कुणी मोजत नाही. मला तुझ्या नियमांत हेच दिसायला हवंय: प्रत्येक लढाईच्या डोक्यावर दोन ओळी. शत्रूला काय हवंय, आणि ते कधी सोडून देईल. तक्ते त्यानंतर.

शस्त्रांचा तक्ता फाडू नकोस. फक्त ज्या शस्त्रांनी खेळणाऱ्याचा निर्णय बदलत नाही ती सध्या बाजूला काढ. माझ्या हिशोबाने नऊ-दहा उरतील, पण तुझं तू बघ. बाजूवरून येणाऱ्या वाराचा बोनस मला फार किचकट वाटला. प्रत्येक वाराला ‘तू नेमका कुठे उभा आहेस’ हे विचारण्यात पाळी लांबते.

रविवारी चार वाजता ये. मी टेबलावर निळी चादर पसरून ठेवते आणि बांधासाठी काठ्यांच्या पट्ट्या. त्या मुलालाही निरोप धाडलाय, वैद्याचं पात्र त्याच्यासाठी राखून ठेवलंय. लुटारू मी चालवते, पाणी तू चढव.

तुझी,
मावशी