काटा ९० वर, ऑइल १३४ वर

या महिन्याच्या टपालात ट्रॅकवर गाडी चालवणाऱ्यांची पत्रं बरीच आली आणि त्यातली बहुतेक ऑइलच्या तापमानाबद्दल. मुंबईकराला ट्रॅक म्हणजे गाडी फ्लॅटबेडवर चढवून चेन्नई किंवा कोईम्बतूर गाठणं. एवढा खटाटोप करून तिसऱ्या लॅपला पिटमध्ये बोनेट उघडून उभं राहायचं, हे कोणालाच परवडत नाही. म्हणून या वेळी फक्त ऑइल.

प्रश्न : माझी १.० लिटर टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर चौथ्या लॅपला डिस्प्लेमध्ये ऑइल १३४ अंश दिसलं. कूलंटचा काटा मात्र शेवटपर्यंत ९० वरून हलला नाही. खरं कोणाचं मानायचं? इंजिनाला इजा झाली असेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : खरं ऑइलचं. कूलंटचा काटा बऱ्याच गाड्यांत मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांत कूलंट ७५ वर असो की १०५ वर, काटा मध्यावरच. सायनच्या सिग्नलला काटा जरा वर गेला तरी माणूस घाबरून सर्व्हिस सेंटर गाठतो, म्हणून कंपन्यांनी केलेली ही सोय. ट्रॅकवर ती कामाची नाही.

कूलंटच्या दिमतीला थर्मोस्टॅट, पंखा आणि समोरून वारा घेणारा मोठा रेडिएटर असतो. ऑइलच्या वाट्याला फार तर फिल्टरच्या बुडाशी तळहाताएवढा कूलर येतो. तोही कूलंटवर चालतो, म्हणजे कूलंटपेक्षा थंड ऑइल तो करूच शकत नाही. उष्णता मात्र चहूकडून येते : पिस्टनच्या पोटावर उडणाऱ्या फवाऱ्यातून, टर्बोच्या बेअरिंगमधून आणि क्रँकच्या बेअरिंगमध्ये ऑइलचा थर रगडला जातो त्यातून. ही रगडण्याची उष्णता आरपीएमच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढते. एक्सप्रेसवेवर तुम्ही ३,००० ला चालवता, ट्रॅकवर ६,००० ला. फेरे दुप्पट, उष्णता चौपट.

चांगल्या सिंथेटिक ऑइलसाठी चेंबरमधलं (इंजिनाच्या बुडाशी ऑइल साठतं त्या भांड्यातलं) तापमान ९० ते ११५ असेल तर निर्धास्त चालवा. १३० पर्यंत चालतं. १३० च्या पुढे गेलं की हात आखडता घ्या, १४० दिसलं की त्या लॅपचा मोह सोडून सावकाश आत या. १३४ ला थोडा वेळ गेल्याने तुमचं इंजिन बिघडलेलं नाही, पण ऑइल किती पातळ झालं होतं ते पाहा. साध्या ५डब्ल्यू-४० ऑइलची घनता नव्हे, व्हिस्कॉसिटी (लोक सर्रास घोटाळा करतात) १०० अंशांवर साधारण १३.५ सेंटीस्टोक असते. १३० वर ती साडेसातच्या आसपास येते, १४० वर साडेसहा. म्हणजे चाळीस नंबरचं ऑइल (५डब्ल्यू-४० मधला दुसरा आकडा, गरम ऑइलच्या जाडीचा) भरून तुम्ही वीस नंबरच्या ऑइलवर गाडी पळवत होता.

आधी खर्च न करता होणारं करा. पहिला लॅप ४,००० च्या आत, ऑइल ८० वर येईपर्यंत. मग तीन-चार लॅप पूर्ण जोरात, त्यानंतर एक लॅप वरच्या गिअरमध्ये, ब्रेक जपून. एसी बंद. सरळ पट्ट्यावर लिमिटरला (इंजिनाच्या कमाल आरपीएमला) न भिडवता ५०० ते ७०० आरपीएम आधी वरचा गिअर टाका. टर्बो गाडीत टॉर्क मधल्या पट्ट्यातच असल्याने लॅपच्या वेळेत फारसं जात नाही, ऑइलला मात्र लगेच उसंत मिळते. आत आल्यावर लगेच चावी फिरवू नका. मिनिट-दोन मिनिटं न्यूट्रलमध्ये आयडल, बोनेट उघडं. इंजिन बंद केल्यावर गाडी हातब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवा.

प्रश्न : १०डब्ल्यू-६० भरलं तर प्रश्न मिटेल का?
— एक वाचक, दादर

उत्तर : नाही. जाड ऑइल रगडायला जास्त जोर लागतो, त्यामुळे ते स्वतःच जास्त तापतं. शिवाय पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह (दाब जास्त झाला की उघडणारी झडप) लवकर उघडतो आणि ऑइल बेअरिंगपर्यंत जाण्याऐवजी मागच्या दाराने परत चेंबरमध्ये. प्रेशरचा आकडा छान दिसतो, प्रवाह कमी झालेला असतो. कंपनीने ५डब्ल्यू-३० सांगितलं असेल तर ट्रॅकसाठी एक पायरी वर, ५डब्ल्यू-४०, तेवढं पुरे. डब्यावर पहिल्या आकड्यापेक्षा एचटीएचएस (खूप तापल्यावर आणि रगडलं जाताना उरणारी व्हिस्कॉसिटी) बघा : १५० अंशांवर ३.५ किंवा जास्त हवा. एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना) ए३/बी४ किंवा सी३ हा दर्जा लिहिलेला असेल तर तो असतोच. पहिला आकडा थंड ऑइलच्या जाडीचा; तो ० की ५ यावर मुंबईच्या हवेत वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रश्न : गॅरेजवाला २५ ओळींचा ऑइल कूलर रेडिएटरच्या पुढे लावायचं म्हणतोय, फिल्टरखाली साधी सँडविच प्लेट टाकून. थर्मोस्टॅट म्हणे फुकटचा खर्च. गाडी रोज गोरेगाव ते बीकेसी जाते, ट्रॅकवर वर्षातून तीनदा. लावू का?
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : कूलर लावा, पण अशा पद्धतीने नको. (ओळी म्हणजे कूलरमधल्या ऑइलच्या आडव्या नळ्या; सँडविच प्लेट म्हणजे इंजिन आणि फिल्टर यांच्यामध्ये बसून ऑइल कूलरकडे वळवणारी चकती.) आणि त्याआधी अर्धा दिवस बंपर उतरवण्यात घालवा. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये दोन-तीन वर्षांत झाडाची पानं, किडे आणि बांधकामांची धूळ यांची गादी तयार होते. ती बाहेरून दिसत नाही. साध्या नळाच्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूने पुढे, अशी धुवा. प्रेशर वॉशरने पाती वाकतात आणि असलेली वाटही बंद होते. मग गाडीखाली वाका. इंजिनाखालचं प्लास्टिक कव्हर जागेवर आहे का? खड्डे आणि स्पीडब्रेकर यांच्या कृपेने मुंबईतल्या कित्येक गाड्यांचं ते अर्धं लोंबतं किंवा गायब असतं. रेडिएटरच्या कडेचा फोमही बघा. हे नसलं की समोरून आलेला वारा रेडिएटरमधून जायच्या ऐवजी बाजूने निसटतो. कूलंट थंड झालं की त्यावर चालणारा ऑइल कूलरही सुधारतो, त्यामुळे एवढ्यावरही काही अंश उतरतात.

आता कूलर. रोजच्या वापराच्या गाडीला थर्मोस्टॅटिक सँडविच प्लेटच हवी, ८० अंशांच्या आसपास उघडणारी. ती नसेल तर बीकेसीपर्यंतच्या प्रवासात ऑइल कधी नीट तापणारच नाही. न तापलेल्या ऑइलमधून पाण्याची वाफ आणि पेट्रोल उडून जात नाही, पावसाळ्यात झाकणाखाली दुधाळ थर दिसतो आणि ऑइल वेळेआधी मरतं. वर्षातल्या तीन दिवसांसाठी उरलेल्या दिवसांची नासाडी.

छोट्या टर्बोला २५ ओळी जास्त होतात. २३५ मिमी रुंद, १९ ओळींचा पुरतो. जागा मात्र रेडिएटरच्या तोंडावर नको, कारण ऑइलची गरम हवा थेट रेडिएटर पिणार. बंपरच्या कोपऱ्यातल्या जाळीमागे, चाकाच्या कमानीसमोर बसवा. नुसता तिथे टांगून वारा लागत नाही. हवा कूलरमधून जायला पुढे जास्त आणि मागे कमी दाब लागतो. म्हणून पुढून ॲल्युमिनियम पत्र्याचा बंदिस्त डक्ट, तोंड कूलरच्या क्षेत्रफळाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचं (१९ ओळींसाठी १५ बाय साडेसात सेंमी चालेल), हळूहळू रुंदावत जाणारा, कडांना फोम. मागे चाकाच्या कमानीच्या प्लास्टिकला हवा बाहेर पडायला खिडकी कापा. ही खिडकी कोणी कापत नाही, आणि मग कूलर चालत नाही अशी तक्रार येते. समोर दगड अडवायला जाळी. नळ्यांची तोंडं वर ठेवा, म्हणजे हवा अडकत नाही.

नळी एएन-१० मापाची घ्या. स्टीलच्या विणीची असेल तर ती जिथे टेकेल तिथे करवतीसारखी कापते : एसीचा पाइप, वायरिंग, काहीही. दर २०-२५ सेंमीवर रबरी क्लॅम्प हवा. एक मीटर नळीत सुमारे १६० मिली ऑइल मावतं, कूलरमध्ये साधारण अर्धा लिटर. तेवढं जादा लागेल. पहिल्यांदा सुरू करताना फ्युएल पंपाचा फ्यूज काढून, प्रेशरचा दिवा विझेपर्यंत थोडा-थोडा स्टार्टर मारा. मग चालवून ऑइल ९० वर आणा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा ऑइल मोजायची पट्टी बघा. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत कूलर पूर्ण भरत नाही, त्यामुळे थंड इंजिनावरची पातळी फसवते.

कुर्ल्याला जुना कूलर स्वस्तात मिळेल, घेऊ नका. ज्या इंजिनावरून तो उतरलाय त्याचं बेअरिंग गेलं असेल तर धातूचा चुरा त्या ओळींत बसलेला असतो. कितीही पेट्रोलने धुतला तरी सगळा निघत नाही, आणि निघतो तेव्हा थेट तुमच्या इंजिनात निघतो.

प्रश्न : वेगळं ऑइल मीटर बसवलं. सेन्सर सँडविच प्लेटमध्ये आहे. हायवेवर ६० च्या वर दाखवतच नाही आणि प्लेटमधून थेंब-थेंब गळती. मीटर बदलू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मीटर नको, सेन्सर काढून त्याचे आटे बघा. बाजारातले बरेच सेन्सर १/८ एनपीटी या अमेरिकन मापाच्या आट्याचे असतात, इंचाला २७ आटे. त्याच्यासारखाच दिसणारा ब्रिटिश मापाचा १/८ बीएसपीटी, इंचाला २८. एकात दुसरा हाताने दोन-तीन फेरे सहज जातो, मग अडतो. मेकॅनिकला वाटतं आता घट्ट करायचा, तो पाना लावतो आणि ॲल्युमिनियमची प्लेट चिरते. गळती त्या केसाएवढ्या चिरेतून. तसं असेल तर प्लेट बदला, सील लावून भागत नाही.

कमी तापमानाचं कारण बहुधा टेफ्लॉन टेप. एका वायरचा सेन्सर अर्थिंग आट्यांतूनच घेतो. टेप गुंडाळली की अर्थिंग कमजोर, रेझिस्टन्स वाढतो आणि वाढलेला रेझिस्टन्स म्हणजे मीटरच्या लेखी थंड ऑइल. टेप काढून पाइप सीलंटचा एक बारीक थेंब लावा, पहिले दोन आटे कोरडे सोडून. आणि सेन्सर कूलरकडे जाणाऱ्या बाजूला आहे ना, हे पाहा. परतीच्या बाजूला असेल तर तो कूलरची फुशारकी सांगतो, चेंबरचं दुःख नाही.

प्रश्न : लांब उजव्या वळणावर ऑइलचा दिवा क्षणभर लुकलुकतो. ऑइल मॅक्सच्या वर ७०० मिली भरलंय तरी. — एक वाचक, कांदिवली

उत्तर : दिवा लुकलुकला की त्या दिवसाचा ट्रॅक संपला. वळणात ऑइल चेंबरच्या एका कडेला चढतं, पिकअप (पंपाकडे ऑइल ओढणाऱ्या नळीचं तोंड) उघडा पडतो आणि पंप हवा ओढतो. यावर उपाय चेंबरमधले अडसर, म्हणजे बॅफल. ७०० मिली जादा भरल्याने क्रँक ऑइलला घुसळतो, फेस होतो, तापमान उलट चढतं आणि फेसाळ ऑइल बेअरिंगला धरत नाही. पातळी मॅक्सच्या खुणेवर आणा. बॅफल करायचाच असेल तर चेंबर उतरवून, बिजागरीच्या झडपा असलेला.

प्रश्न : ट्रॅकनंतर ऑइल कधी बदलायचं?
— एक वाचक, वाशी

उत्तर : १२० च्या आत राहिलं असेल तर दोन-तीन ट्रॅक दिवसांनी, १३५ पाहिलं असेल तर घरी आल्यावर लगेच. दर दहा अंशांना ऑक्सिडेशनचा वेग साधारण दुप्पट होतो, त्यामुळे किलोमीटरचा हिशोब इथे लागू नाही. ड्रेन प्लगला नवा वायसर, जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना हे बोट फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर सगळं ऑइल मिनिटभरात रस्त्यावर. जुनं ऑइल गटारात नको. डब्यात भरून अधिकृत रिसायकलरला देणाऱ्या गॅरेजकडे द्या. फिल्टर मात्र टाकण्याआधी कापून त्याच्या कागदाच्या घड्या उन्हात उलगडा. काळं किटण चालेल. लोहचुंबकाला न लागणारी तांबूस-सोनेरी चमक दिसली तर पुढच्या ट्रॅकचं बुकिंग थांबवा आणि चेंबर उघडून बेअरिंग बघा.