'टिश्यू टायपिंग'ला 'ऊतक जुळणी' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: अवयव प्रत्यारोपणावरच्या लेखाचा अनुवाद करताना 'टिश्यू टायपिंग'ला, म्हणजे दात्याचा अवयव रुग्णाला चालेल का हे ठरवण्यासाठी प्रत्येकाचा प्रकार तपासण्याला, 'ऊतक जुळणी' म्हटलं तर चालेल का? आणि त्यातल्या 'सिक्वेन्सिंग'ला काय म्हणावं?

'जुळणी' नको. जुळणीला दोघं लागतात, टायपिंग एकट्याचंही होतं. दात्यांच्या नोंदवहीत नाव घालणाऱ्याचा प्रकार आधीच ठरवून ठेवतात, तेव्हा रुग्णाचा पत्ताही नसतो. म्हणून 'प्रकारनिश्चिती'.

'ऊतक' चूक नाही, पण शाळेच्या पुस्तकांमुळे 'ऊती' कानाला अधिक सवयीचा. दोन्हींच्या मुळाशी संस्कृत 'वे', म्हणजे विणणे. 'ओतप्रोत'मधला 'ओत'ही त्याच घरचा. इंग्रजी 'टिश्यू'चं मूळही विणण्यातच आहे, तेव्हा आपला प्रतिशब्द झकास बेतलेला आहे. गंमत एवढीच की या चाचणीत अवयवाच्या ऊतीचा तुकडा तपासतच नाहीत. थोडं रक्त किंवा गालाच्या आतून फिरवलेला बोळा पुरतो. त्यातल्या डीएनएमधून सहाव्या गुणसूत्रावरची एचएलए जनुकं पाहतात. आपलं कोण आणि परकं कोण हे शरीराची प्रतिकारयंत्रणा ओळखते, ते मुख्यतः या जनुकांपासून बनणाऱ्या प्रथिनांवरून.

मग 'प्रकार' तरी का? फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ दोसे यांनी १९५८ मध्ये पांढऱ्या रक्तपेशींवरची अशी पहिली खूण वर्णिली. पुढे प्रतिपिंडं असलेला रक्तद्रव पेशींवर घालून कोणत्या पेशी मरतात ते बघायचे आणि 'ए२' असा ढोबळ शिक्का मारायचे. आता जनुकाची अक्षरंच वाचतात, तरी निकाल नावानेच येतो: ए*०२:०१:०१:०१. 'ए' हे जनुकाचं नाव. पहिला आकडा गटाचा, दुसरा नेमक्या प्रथिनाचा. तिसरा आपल्या ऱ्हस्व-दीर्घासारखा, लिहिण्यात फरक पण प्रथिन तेच. चौथा आकडा प्रथिनाचा मजकूर नसलेल्या भागातल्या फरकांचा. मधली विसर्गासारखी टिंबं २०१० मध्ये आली. त्याआधी सगळे आकडे सलग लिहीत आणि प्रथिनाला दोनच घरं होती. ०२ गटाची ती ९९ वर संपली, तेव्हा उरलेल्यांना ९२ हा वेगळाच गट-आकडा द्यावा लागला! आज नोंदलेले पाठभेद ४०,००० च्या वर आहेत. मी मुद्दाम 'पाठभेद' म्हणतोय. 'अलील'साठी, म्हणजे एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांसाठी, याहून बरा शब्द मला सुचलेला नाही.

'सिक्वेन्सिंग'ला, म्हणजे डीएनएतली अक्षरं क्रमाने वाचण्याला, 'क्रमनिर्धारण' म्हणा. करोनाच्या साथीत वृत्तपत्रांनी तो रुळवला आहे. खरी पंचाईत त्याच लेखात भेटणाऱ्या 'फेज'ची होईल. तिथे 'टप्पा' लिहिलंत तर अर्थाचा अनर्थ. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती, एक आईकडची, एक वडिलांकडची. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर यांच्या १९७७ च्या क्रमनिर्धारण पद्धतीत सहसा दोन्ही एकदमच वाचल्या जातात, जणू दोन पोथ्यांची पारदर्शक पानं एकावर एक ठेवलेली. एका जागी 'क' आणि 'त', पुढे दुसऱ्या जागी 'ग' आणि 'अ' दिसतात, पण 'क'च्या पोथीत 'ग' आहे की 'अ', ते कळत नाही. त्या पेचातून एकापेक्षा जास्त नावांच्या जोड्या संभवतात. नंतरच्या पद्धती डीएनएचा एकेक तुकडा सुटा वाचतात, आणि लांब पल्ल्याचं वाचन करणाऱ्या यंत्रांत अख्खं जनुक एका दमात वाचून होतं. मग कुठलं अक्षर कुठल्या पोथीतलं हा प्रश्नच उरत नाही. म्हणून 'फेज'ला मी 'प्रतसंगती' म्हणेन. शब्द माझा आहे, न आवडल्यास 'कुठलं अक्षर कुठल्या प्रतीतलं' असं सरळ लिहा.

एक शुद्धलेखनाचं. सुटा शब्द 'ऊती', पण तत्सम असल्याने समासात ऱ्हस्व: कवी पण कविसंमेलन, तसं ऊतिसंवर्धन आणि ऊतिप्रकारनिश्चिती. लांबलचक वाटला तर पहिल्यांदा पूर्ण लिहून पुढे 'एचएलए चाचणी' म्हणा. प्रयोगशाळेतही असंच काहीतरी आखूड बोलतात.