दोष जनुकातच असेल, तर यंत्राने बोलणे कसे समजेल?

जन्मतः बहिऱ्या असलेल्या मुलांच्या पालकांबरोबर मी बरीच वर्षे काम करते आहे. एक प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की समोरच्याने ‘मॅडम, एक विचारू?’ म्हटले की तो मला आधीच ओळखू येतो. बहिरेपण आनुवंशिक असल्याचे तपासणीत कळलेले असते, कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे ऐकू यावे म्हणून आंतरकर्णात तार आणि कानावर यंत्र बसवण्याची, शस्त्रक्रिया होऊन काही महिने लोटलेले असतात, मूल आवाजाला दचकते, कधी वळूनही पाहते. पण बोललेले त्याला समजते आहे असे घरच्यांना वाटत नाही. मग तो प्रश्न येतो : दोष मुळातच असेल, तर वरून यंत्र बसवून काय होणार?

पुढे सांगते आहे ती हकिगत एकाच घरातली नाही. ओळख पटू नये म्हणून काही घरांचे तपशील मी एकत्र विणले आहेत.

मुलगा पावणेतीन वर्षांचा होता. विसाव्या महिन्यात इम्प्लांट झाले आणि जखम भरल्यावर तीन आठवड्यांनी यंत्र सुरू करण्यात आले. आईने एक वही आणली होती. डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला तारखा आणि प्रत्येक चौकटीत बरोबर किंवा चूक अशी खूण. चुकांच्या खुणा लाल शाईत होत्या आणि पानेच्या पाने लाल झाली होती. वडिलांनी तोंडासमोर हात धरून, म्हणजे ओठ दिसू नयेत अशा बेताने, मुलाला मागून हाक मारून दाखवली. मुलगा वळला नाही. ‘बघा,’ ते म्हणाले.

पहिल्या भेटीत माझे चुकलेच. मी कागदावर आंतरकर्णाचा शंख काढला आणि समजावून सांगू लागले. त्यांच्या मुलात जीजेबी-2 या जनुकात बिघाड सापडला होता. हे जनुक कनेक्सिन 26 नावाचे प्रथिन घडवते. शंखातल्या पेशींमधून पोटॅशियमची ने-आण त्याच्या आधाराने चालते आणि ती बिघडली की आवाज टिपणाऱ्या केसपेशी निकामी होतात. त्यांच्या पलीकडची श्रवणनस मात्र सहसा शाबूत असते. इम्प्लांटची बारीक तार शंखात शिरते, तिच्यावरचे 12 ते 22 विद्युतअग्र केसपेशींना वळसा घालून थेट नसेलाच जागे करतात. म्हणून या जनुकामुळे आलेल्या बहिरेपणात इम्प्लांटनंतर बोलणे समजण्याची शक्यता सहसा चांगली असते. ओटीओएफ जनुकात बिघाड असतो तेव्हा केसपेशी आवाज टिपतात, पण तो नसेपर्यंत पोहोचवू शकत नाहीत. तिथेही इम्प्लांट उपयोगी पडते. बिघाड नसेच्या पेशींमध्येच असेल, तर निकाल इतक्या भरवशाने सांगता येत नाही. थोडक्यात, जनुकाचा अहवाल वाट नेमकी कुठे अडली आहे ते सांगतो आणि या मुलाच्या बाबतीत तो अहवाल आशेचा होता.

दोघांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग वडिलांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

मी ज्या विचारपरंपरेत घडले, तिथे उत्तर देण्याआधी तो प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात कुठून आला हे ऐकावे लागते. इतक्या वर्षांनंतरही माहिती हाताशी असली की मला ती देण्याचा मोह होतो. दुसऱ्या भेटीत मी कागद बाजूला ठेवला आणि एवढेच विचारले, ‘दोष म्हणता, तो कुणाचा?’

बराच वेळ कुणी बोलले नाही. मुलगा माझ्या टेबलाखाली गाडी फिरवत होता. मग आई म्हणाली, ‘सासूबाई म्हणतात, आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं. माझी आईही तेच म्हणते. मग राहिले कोण? आम्हीच ना?’

हा बिघाड बहुतेकदा अप्रभावी प्रकारचा असतो. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक बिघडलेली आणि एक चांगली असेल, तर त्या माणसाला नीट ऐकू येते आणि आपल्याकडे असे काही आहे याचा त्याला पत्ताही नसतो. दोन्ही पालकांकडून बिघडलेलीच प्रत आली, तरच मूल बहिरे जन्मते. दोघांकडेही अशी एकेक बिघडलेली प्रत असेल, तर याची शक्यता प्रत्येक गर्भारपणात चारात एक इतकी असते आणि आधीच्या मुलावरून ती कमी-जास्त होत नाही. हे सांगून मी थांबले. वडील हातातल्या किल्लीशी चाळा करत होते, तो थांबला. ‘म्हणजे दोन्ही घरांत हे होतंच,’ ते सावकाश म्हणाले, ‘फक्त समोरासमोर आलं नव्हतं.’

मी या वाक्यासाठी अनेक भेटी वाट पाहायला तयार असते. त्या दिवशी ते दुसऱ्याच भेटीत आले आणि ते माझ्या तोंडून आले नाही याचे मला आजही समाधान आहे.

त्यानंतर खरी हकिगत बाहेर पडली. यंत्र रोज किती तास कानावर होते, याची नोंद प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा कानावर लावायचा भाग, स्वतःच ठेवतो. ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे श्रवणतज्ज्ञाने, ती मला पालकांच्या संमतीने कळवली होती. जेमतेम पाच तास. मूल जागे असते त्याच्या निम्मेसुद्धा नाही. ‘आईकडे जाताना काढते,’ मुलाची आई म्हणाली, ‘पाहुणे आले तरी काढते. मग सगळे गेले की लावते आणि शब्द विचारत बसते.’ ज्या वेळी घरात सर्वांत जास्त बोलणे चालत असे, त्याच वेळी मूल बहिरे असे; आणि यंत्र कानावर चढले की परीक्षा सुरू होई.

पुढच्या भेटीत वही मी माझ्याकडे मागून घेतली आणि म्हटले, ‘आज त्याला काहीही विचारायचे नाही.’ आम्ही दोघी बोलत राहिलो. लिहिता लिहिता बाईंच्या पेनाचे टोपण घरंगळले आणि त्या स्वतःशीच पुटपुटल्या, ‘अगं बाई, टोपण कुठं गेलं?’ मुलगा पाठ करून बसला होता. त्याने मान वळवली, टेबलाखाली शिरला आणि टोपण आणून आईच्या मांडीवर ठेवले.

आई रडली नाही. ‘हा शब्द माझ्या वहीत नाही,’ एवढेच म्हणाली.

टोपण पडल्याचा आवाजही त्याने ऐकला असेल, हे मी तिला तेव्हाच सांगितले. खोट्या आशेवर मला काम करवत नाही. पण आवाज आणि शब्द यांचा मेळ घालणे हीच तर बोलणे समजण्याची सुरुवात असते. ज्या घरात अपराधीपणा मुरलेला असतो, तिथे प्रत्येक हाक ही ‘आम्ही चुकलो नाही ना?’ अशी विचारणा होते. मुलाला तिचा ताण कळतो आणि ते वळणेच सोडून देते, असे मला वारंवार दिसले आहे.

अशा पालकांना मी पहिल्यांदा वय मोजायची पद्धत बदलायला सांगते. कानाचे वय यंत्र सुरू झाल्या दिवसापासून धरावे. या मुलाचे ते एक वर्षसुद्धा नीट भरत नव्हते, कारण रोजचे पाचच तास खात्यावर जमा होत होते. आणि ऐकू येणारे बाळ तर आईच्या पोटात असतानाच आवाज ऐकू लागते. आवाज आहे हे आधी कळते, मग दोन आवाजांतला फरक, मग ओळखीचा शब्द आणि त्यानंतर त्याचा अर्थ. दुसऱ्या पायरीवरच्या मुलाकडून चौथीचे उत्तर मागितले, की वही लाल होते. यंत्र अंघोळ आणि झोप सोडून दिवसभर कानावर हवे, पाहुण्यांसमोर तर हवेच. बोलावे जवळून, टीव्ही बंद करून, कारण गोंगाटातून शब्द वेगळा काढणे इम्प्लांट असलेल्यांना मोठेपणीही जड जाते.

तपासणी अजिबात करू नये, असे मी म्हणत नाही. सकाळी यंत्र लावल्यावर आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी ओठ न दाखवता म्हणावेत; त्यांत बोलण्याचा खालचा, मधला आणि वरचा असा सगळा पट्टा येतो. त्याला एक मिनिट पुरते. काल ऐकू येणारा ‘स’ आज ऐकू येत नसेल, तर मुलावर चिडण्याआधी बॅटरी, वायर आणि कॉइल पाहावी, तरीही जमले नाही तर मॅपिंगसाठी, म्हणजे यंत्राची पातळी मुलाला बसेल अशी जुळवून घ्यायला, जावे. मन मोकळे झाल्याने बिघडलेले मॅपिंग सुधारत नाही; या घरालाही मी पहिल्याच आठवड्यात ऑडिओलॉजिस्टकडे परत पाठवले होते. दुसऱ्या मुलाचा विचार असेल, तर जनुकतज्ज्ञांशी वेगळे बोलावे.

चार महिन्यांनी बाई पुन्हा आल्या, तेव्हा नोंद साडेनऊ तासांवर गेली होती. वही तीच होती, पण चौकटी गेल्या होत्या आणि ओळी आल्या होत्या. क, ट, प यांसारखे तोंडातल्या जागेवरून वेगळे होणारे ध्वनी इम्प्लांटमधून ओळखायला कठीणच असतात, त्यामुळे शेवटच्या नोंदीचे मला नवल वाटले नाही. निळ्या शाईत लिहिले होते : ‘काका आले म्हटलं, की अजून हात हलवून टाटा करतो. काकाही करतात.’