हर्बल आहे, मग डॉक्टरांना कशाला सांगायचं?

प्रश्न : ताई, दोन-तीन महिने झाले मूड सारखा डाउन असतो, कशात मन लागत नाही, झोपही मोडतेय. ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली सेंट जॉन्स वर्ट घे, हर्बल आहे, साइड इफेक्ट काही नाही. खरंच उपयोग होतो का? बाकी मी काही औषध घेत नाही, फक्त गर्भनिरोधक गोळी चालू आहे.

उत्तर : तुम्ही सगळ्यात शेवटी 'फक्त' म्हणून जी गोळी लिहिलीत ना, तिथेच घोडं पेंड खातं. पण आधी उपयोगाचं बोलू.

पिवळ्या फुलांची झुडपी वनस्पती आहे ही, पान उजेडात धरलं तर सुईने टोचल्यासारखे बारीक ठिपके दिसतात. जर्मनीत डॉक्टर लोक सौम्य डिप्रेशनसाठी ती बरीच वर्षं लिहून देतायत, त्यामुळे हे काही नुसतं ऐकीव नाही. २००८ मध्ये २९ चाचण्या एकत्र तपासून एक मोठा आढावा निघाला, त्यात औषध नसलेल्या, नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा ही सरस ठरली, नेहमीच्या डिप्रेशनच्या औषधांच्या जवळपास गेली आणि साइड इफेक्टही कमी दिसले. मात्र जर्मन भाषिक देशांतल्या चाचण्यांचे निकाल इतरांपेक्षा जास्तच गोड होते, हे त्याच आढाव्यात लिहिलंय. त्याआधी २००२ मध्ये अमेरिकेत ३४० पेशंटवर चाचणी झाली होती, त्यांचं डिप्रेशन जरा जास्त होतं, तिथे मुख्य मोजमापात ही साखरेच्या गोळीपेक्षा वरचढ ठरली नाही. गंमत म्हणजे त्याच चाचणीतलं सर्ट्रालिन हे नावाजलेलं औषधही ठरलं नाही. तेव्हा सौम्य ते मध्यम त्रासात उपयोग होऊ शकतो, त्यालाही चार-सहा आठवडे लागतात, आणि तीव्र डिप्रेशनमध्ये हिच्या भरवशावर बसू नये, असं माझं मत. जगणं नको वाटत असेल, स्वतःला इजा करायचे विचार येत असतील तर कॅप्सूल वगैरे राहू द्या, आजच घरच्या कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरकडे जा.

आता तुमची ती गोळी. आपण पोटात घेतलेली बरीचशी औषधं मोडून शरीराबाहेर काढायचं काम लिव्हरमधली एन्झाइम्स करतात. सेंट जॉन्स वर्टमध्ये हायपरफोरिन नावाचा घटक आहे, तो या एन्झाइम्सची संख्याच वाढवतो, म्हणजे साफसफाईला जादा माणसं लावल्यासारखं होतं आणि दुसरी औषधं काम करायच्या आधीच बाहेर फेकली जातात. तुमच्या गोळीतले हार्मोन्सही त्यातच जातात. मग मधेच रक्तस्राव होतो, आणि गोळी एक दिवसही न चुकवता दिवस राहिल्याच्या केसेस आहेत. म्हणून तुम्ही तरी ही कॅप्सूल सुरू करू नका. दोन-तीन महिने असं चाललंय ना, तर डॉक्टरांना दाखवाच, थायरॉइड बिघडलं असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल तरी असंच वाटतं, तेही बघून होईल.

प्रश्न : माझ्या वडिलांना रक्त पातळ करायची गोळी (वॉर्फरिन) आहे. त्यांना चालेल का?

उत्तर : नाही. वॉर्फरिनचा असर कमी होऊन गुठळी व्हायचा धोका आहे. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध, एचआयव्हीची औषधं, फिट्सची काही औषधं, कॅन्सरची काही औषधं, अवयव बदलल्यावर द्यायचं सायक्लोस्पोरिन, सगळ्यांची हीच गत. २००० साली हृदय बदललेल्या दोन पेशंटची केस छापून आली होती, दोघांनी सेंट जॉन्स वर्ट सुरू केलं, रक्तातलं सायक्लोस्पोरिन घसरलं आणि शरीर नवं हृदय नाकारायला लागलं. आणि वडील आधीपासूनच घेत असतील तर परस्पर बंदही करू नका हां, कारण एन्झाइम्स पूर्वपदाला यायला साधारण दोन आठवडे लागतात, त्या काळात वॉर्फरिनचा असर वाढत जातो आणि रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांना सांगून, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासत तपासतच बंद करायचं.

प्रश्न : मी वर्षभर एसिटालोप्राम ही डिप्रेशनची गोळी घेतोय. केमिकल नको वाटतं, हर्बलवर शिफ्ट व्हायचंय. सुरुवातीला दोन्ही बरोबर घेतली आणि मग हळूहळू गोळी सोडली तर?

उत्तर : दोन्ही बरोबर अजिबात नको! दोघंही मेंदूत सेरोटोनिनचा असर वाढवतात, एकत्र आले की तो प्रमाणाबाहेर जाऊ शकतो, मग थरथर, घाम, जुलाब, छातीत धडधड, ताप, गोंधळल्यासारखं होणं, आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर जिवावरही बेततं. याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. ट्रॅमाडॉल ही दुखण्याची गोळी, मायग्रेनची ट्रिप्टान, आणि खोकल्याच्या काही सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, यांच्याबरोबरही हीच भीती. बदलायचंच असेल तर आधीची गोळी हळूहळू कमी करणं आणि मधे किती दिवस गॅप ठेवायचा हे डॉक्टर ठरवतील, फ्लुओक्सेटिनसारखं डिप्रेशनचं औषध तर बंद केल्यावरही काही आठवडे अंगात रेंगाळतं. आणि राग मानू नका, पण 'केमिकल नको' म्हणता ते हायपरफोरिन तरी दुसरं काय आहे? झाडाने बनवलं एवढाच काय तो फरक. वर्षभर ज्या गोळीने बरं वाटतंय ती का बदलायची, हा माझा उलटा प्रश्न.

प्रश्न : महिनाभर घेतेय, उन्हात गेलं की चेहरा लगेच लाल होतो. याचाच परिणाम का?

उत्तर : शक्य आहे, यातल्या हायपरिसिनमुळे त्वचा उन्हाला जास्त हळवी होते, गोऱ्या कातडीवर आणि मोठ्या डोसमध्ये जास्त दिसतं. डॉक्टरांना दाखवा, तोवर ऊन टाळा. आणि कधी मूड उलट्या बाजूला गेला, म्हणजे झोप नको, बडबड, पैसे उधळणं असं सुरू झालं, तर कॅप्सूल थांबवून लगेच कळवा, बायपोलर (मूड कधी फार वर, कधी फार खाली जाण्याचा आजार) असलेल्यांमध्ये असं झालेलं आहे. गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तरी नकोच.

ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवा, बऱ्याचदा दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर रोज विचारते, "अजून काही औषधं चालू आहेत का?" तर लोक बिनधास्त "नाही" म्हणतात, आणि बिल होता होता पिशवीतून हर्बल कॅप्सूलची बाटली काढून विचारतात, ही जेवणाआधी घ्यायची की नंतर?